टाकीखालचा मिक्सरवाला

गेल्या दिवाळीत सांगलीला मामाकडे गेलो होतो. फराळाची ताटली हातात येण्याआधी मामाने फोन हातात दिला.

"तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग की मला. माझ्या फोनवर माझ्या दुकानाचं नाव येतंय, तुझ्या मामीच्या फोनवर का येत नाही?"

मामाचं मिक्सर, शेगडी आणि कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. ३५ वर्षं झाली, पाण्याच्या टाकीला लागून एक गाळा. पाटीवर देवाचं नाव आणि पुढे 'इलेक्ट्रिकल्स'. या धर्तीचं नाव असलेली दुकानं कुठल्याही गावात डझनभर सापडतात, त्यामुळे पाटीवरच्या नावाने मामाला कुणीच ओळखत नाही. तो सगळ्यांचा 'टाकीखालचा मिक्सरवाला'. सासू सुनेला सांगते, शेजारीण शेजारणीला सांगते, "टाकीखाली दे, कार्बन बदलून देतो, उगाच नवा घ्यायला लावत नाही."

दिवाळीच्या दोन महिने आधी दुकानात एक तरुण आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याच्या एजन्सीचं म्हणणं असं, की लोक आता शेजाऱ्याला विचारत नाहीत, सर्चबॉक्सला विचारतात; आणि तिथे चार अक्षरं टाइप केली की खाली ज्या सूचना येतात, त्यांत तुमचं नाव आम्ही आणून देऊ. महिन्याला ८ हजार. त्याने स्वतःच्या फोनवर 'मिक्सर' टाइप करून दाखवलं. खाली चौथ्या ओळीत मामाचं दुकान! मामाने दोन महिन्यांचे पैसे दिले. कार्बन ब्रश बदलायचे मामा २०० रुपये घेतो. १६ हजार म्हणजे ८० मिक्सर.

मी मामाचा फोन पाहिला. दुकानाच्या नावाशेजारी छोटंसं घड्याळाचं चिन्ह होतं. याचा अर्थ, हा शोध याच फोनवरून आधी कधीतरी घेतला गेलाय. मामाने रोज रात्री आपलं नाव येतंय का ते तपासलं होतं, आणि फोनने ते तपासणंच लक्षात ठेवलं होतं. त्या तरुणाच्या फोनचंही तेच. जगात फक्त दोन फोनांवर मामाचं नाव सूचनेत येत होतं: एक पैसे घेणाऱ्याच्या आणि एक पैसे देणाऱ्याच्या.

हे सांगायला मला दोन मिनिटं लागली. पण मामाचा पुढचा प्रश्न अवघड होता. "मग खरं नाव यायला काय करावं लागतं?" याचं उत्तर द्यायला मी योग्य माणूस होतो, आणि म्हणूनच जरा अडचणीत होतो. कारण पुण्यात मी ज्या कंपनीत काम करतो, तिथल्या अ‍ॅपमधला सर्चबॉक्स माझ्या टीमकडे आहे. अर्धवट शब्दाखाली कुठल्या सूचना दाखवायच्या आणि कुठल्या नाहीत, हे ठरवणारा कोड मी लिहिलेला आहे.

पहिलं कोण?

दुकान शोधायची पद्धत बदलली की दुकानांनीही बदलायचं, हा खेळ इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे.

अमेरिकेत न्यू हेवन या गावी फेब्रुवारी १८७८ मध्ये टेलिफोनधारकांची जी पहिली यादी निघाली, ती एक पानी होती. जेमतेम ५० नावं, आणि गंमत म्हणजे एकाही नावापुढे नंबर नाही. ऑपरेटरला नाव सांगायचं, तो जोडून देणार. पण त्या एका पानावरसुद्धा घरं वेगळी, डॉक्टर वेगळे, दुकानं वेगळी अशी वर्गवारी होती. पुढे १८८६ मध्ये शिकागोत रूबेन डॉनेली याने फक्त व्यवसायांची यादी छापायला घेतली. तीच 'यलो पेजेस'ची सुरुवात मानली जाते.

यलो पेजेसमध्ये प्लंबर या शीर्षकाखाली नावं वर्णानुक्रमे असत. नळ फुटलेला माणूस पूर्ण पान वाचत बसत नाही. वरून दुसऱ्या-तिसऱ्या नावाला फोन लावतो. हे लक्षात आल्यावर अमेरिकेत 'एएए प्लंबिंग', 'ए-वन लॉकस्मिथ' अशा नावांचं पीक आलं. या नावांना अर्थ नव्हता. यादीत वरची जागा मिळवणं एवढंच त्यांचं काम. सर्च मार्केटिंग हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधीचं हे सर्च मार्केटिंग.

आपल्याकडे मुंबईत १९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी जस्ट डायल सुरू केलं. माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट. फोन फिरवायचा, 'अंधेरीत एसी दुरुस्ती' सांगायचं, पलीकडचा माणूस दोन-चार नावं वाचून दाखवणार. इथे वर्णमालेचं राज्य संपलं, कारण ग्राहकाला यादी दिसतच नव्हती. नावं कुठल्या क्रमाने सांगायची हे यादी बाळगणाऱ्याच्या हातात, आणि पैसे भरणाऱ्या दुकानांना वरचा क्रम.

तरीही एक गोष्ट या सगळ्यांत सारखी होती. प्रश्न ग्राहकाचा होता. यादी छापील असो की फोनवरची, काय विचारायचं हे विचारणारा ठरवून यायचा. एजन्सीवाल्यांना वरची जागा विकता येत होती, पण ती उत्तरांतली. प्रश्नाला अजून कुणी हात लावला नव्हता.

अर्धवट शब्द पुरा करणं

शब्द पुरा करून देणं ही कल्पना आधी आली ती आमच्यासारख्या लोकांच्या आळसातून. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीने बनवलेल्या टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कमांडची पहिली काही अक्षरं देऊन एक बटण दाबलं की उरलेली कमांड संगणक भरत असे. आजही आम्ही दिवसातून शेकडो वेळा 'टॅब' दाबतो ते याच परंपरेतलं.

त्यामागची रचना कॉलेजात शिकवतात. तिचं नाव ट्राय. १९६० मध्ये एडवर्ड फ्रेडकिन याने दिलेलं. एक झाड समजा. खोडापासून निघालात की पहिल्या अक्षराला एक फांदी, दुसऱ्या अक्षराला तिची उपफांदी. 'मि'पर्यंत चढलात की पुढे 'मिक्सर', 'मिरज', 'मिसळ' अशा फांद्या दिसतात. झाडावर असलेला प्रत्येक शब्द सापडतो. झाडावर नसलेला सापडत नाही. प्रश्न फक्त एवढाच, की झाडावर कुठले शब्द चढवायचे हे कोण ठरवणार?

नव्वदच्या दशकात आलेल्या टी-नाइनमध्ये शब्दकोश ठरवायचा. घरातल्या जुन्या नोकियावर आपल्यातल्या काहींनी ते वापरलं असेल. नऊ बटणांवर अक्षरं दाबत जायची, फोन कोशात पाहून शब्द ओळखणार. तिथे दुकान, गिऱ्हाईक, लोकप्रियता यांचा संबंध नव्हता.

तो संबंध आला डिसेंबर २००४ मध्ये. गूगलमधला इंजिनिअर केव्हिन गिब्स याने कंपनीने दिलेल्या '२० टक्के' मोकळ्या वेळात एक प्रयोग केला. सर्चबॉक्समध्ये टाइप करता करता खाली दहा संभाव्य शोध दिसायचे. मरिसा मेयर यांनी त्याला 'गूगल सजेस्ट' असं नाव सुचवलं. पान पुन्हा लोड न होता हे घडतंय, याचंच तेव्हा अप्रूप होतं. दोनच महिन्यांनी या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव मिळालं, तेव्हा उदाहरण म्हणून ज्यांची नावं घेतली गेली त्यांत गूगल सजेस्ट होतं.

पण खरा बदल तंत्रात नव्हता. या झाडावरचे शब्द कोशातून आलेले नव्हते; इतर लोकांनी पूर्वी काय शोधलं त्यातून आलेले होते. म्हणजे मी प्रश्न विचारायला जातो, आणि आधी विचारून गेलेली गर्दी माझं वाक्य पुरं करते.

२००८ च्या ऑगस्टमध्ये हे गूगलच्या मुख्य पानावर सगळ्यांसाठी आलं. २०१० च्या सुमारास अमेरिकेत शहरागणिक सूचना वेगळ्या दिसू लागल्या. स्थानिक दुकानदाराच्या दृष्टीने यादीच्या आधी आणखी एक यादी तयार झाली होती.

तीन सेकंद

८ सप्टेंबर २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मरिसा मेयर यांनी 'गूगल इन्स्टंट' जाहीर केलं. आता नुसत्या सूचना नाहीत, तर प्रत्येक अक्षरागणिक निकालाचं पान बदलणार. एका शोधामागे दोन ते पाच सेकंद वाचतील, असं कंपनीचं म्हणणं.

त्या आठवड्यात सर्च मार्केटिंगच्या जगात धावपळ उडाली. लोकांनी एकेक अक्षर टाकून पाहिलं. ए म्हटलं की अ‍ॅमेझॉन, ई म्हटलं की ईबे, एफ म्हटलं की फेसबुक. एका अक्षरात छोट्या दुकानाला जागा असणं शक्यच नव्हतं. स्टीव्ह रुबेल या जनसंपर्क क्षेत्रातल्या माणसाने लिहून टाकलं की आता एसईओला अर्थ उरला नाही. गूगलच्या मॅट कट्स यांनी उत्तर दिलं की तसं नाही, मात्र कालांतराने लोकांची शोधायची पद्धत बदलू शकते. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर या उत्तरातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता.

जाहिरात देणाऱ्यांची अडचण वेगळी. जाहिरात 'दिसली' असं कधी मोजायचं? अक्षरागणिक पान बदलत असेल तर 'प्लंबर' टाइप करेपर्यंत सात-आठ पानं येऊन जाणार. नियम असा ठरला: माणसाने एंटर दाबलं, सूचना निवडली, पानावर कुठेही क्लिक केलं, किंवा टाइप करायचं थांबला आणि निकाल किमान तीन सेकंद समोर राहिला, तर ती जाहिरात दिसली असं धरायचं. विचार करायला थांबलेला माणूस आता आकडेवारीत प्रेक्षक म्हणून मोजला जाऊ लागला.

छोट्या दुकानांचं सगळं गणित ज्यावर उभं होतं त्याला मार्केटिंगवाले 'लाँग टेल' म्हणतात. क्रिस अँडरसन याने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये याच नावाचा लेख लिहिला होता, म्हणजे गूगल सजेस्टच्या दोन महिने आधी. कल्पना अशी की मोजक्या लोकप्रिय गोष्टींच्या मागे कमी खपाच्या असंख्य गोष्टींचं लांबलचक शेपूट असतं, आणि इंटरनेटमुळे त्या शेपटातही धंदा होतो. शोधांचंही तसंच. 'मिक्सर' या शब्दावर मोठ्या कंपन्यांशी कोण भांडणार? पण 'जुन्या मिक्सरचं आर्मेचर वाइंडिंग सांगली' असं कुणी टाइप केलं, तर तिथे मामाची गाठ पडू शकते. फक्त त्या माणसाने तेवढं टाइप करायला हवं. तिसऱ्याच अक्षराला पाच तयार प्रश्न समोर आले तर बहुतेकजण त्यांतला एक उचलतात. मीही उचलतो. म्हणजे शेपटातल्या प्रश्नांची उत्तरं तिथेच राहतात. प्रश्न मात्र विचारायचे राहून जातात.

इन्स्टंट जुलै २०१७ मध्ये बंद झालं, कारण तोवर निम्म्याहून जास्त शोध मोबाइलवरून होत होते आणि छोट्या पडद्यावर अक्षरागणिक पान बदलणं सोयीचं नव्हतं. सूचना मात्र राहिल्या, आणि मोबाइलवर त्यांचं वजन वाढलं. बोटाने टाइप करायचा कंटाळा हा त्यांचा सगळ्यात मोठा आधार. सूचनांमुळे टायपिंग साधारण २५ टक्क्यांनी कमी होतं, असं गूगलने २०१८ मध्ये सांगितलं. आपण यांना 'सूचना' नाही, 'अंदाज' म्हणतो, हेही त्याच वेळी स्पष्ट केलं. तुम्ही काय विचारावं हे आम्ही सुचवत नाही, तुम्ही काय विचारणार आहात ते ओळखतो, असा त्यातला फरक. इंजिनिअर म्हणून मला तो पटतो. मामाच्या काउंटरमागे उभं राहिलं की दोन्ही सारखेच दिसतात.

नावापुढे काय येतं

आतापर्यंत नाव न येण्याची गोष्ट झाली. नाव आल्यावर त्याच्या पुढे काय येतं, ही दुसरी.

जर्मनीत आहारपूरक पदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या एका कंपनीच्या संस्थापकाचं नाव टाइप केलं की सूचनेत 'सायंटॉलॉजी' आणि 'फसवणूक' असे शब्द जोडून यायचे. सूचनेवर क्लिक केलं तर आत तसं काहीच नव्हतं. पण क्लिक करतो कोण? प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. १४ मे २०१३ ला निकाल लागला: प्रत्येक सूचना आधी तपासायची जबाबदारी सर्च इंजिनवर नाही, पण एखादी सूचना कुणाच्या अधिकारावर गदा आणते असं कळवल्यावर ती रोखायलाच हवी. पुढच्याच महिन्यात फ्रान्समध्ये उलट निकाल आला. तिथे विमाक्षेत्रातल्या एका कंपनीच्या नावापुढे 'ठग' या अर्थाचा शब्द येत होता. न्यायालय म्हणालं, हे यंत्राने आपोआप केलंय, यात कुणाचा हेतू नाही, म्हणून दोषही नाही.

एका वर्षात, शेजारच्या दोन देशांत, दोन उत्तरं. मला दोन्ही वाचताना आमच्या गल्लीतला पार आठवतो. तिथे कुणी एखाद्या दुकानाबद्दल वाईट बोललं, तर कोण बोललं हे कळतं आणि जाऊन भांडता येतं. सूचनेत बोलणारा कुणीच नसतो. असते फक्त बेरीज.

बेरीज आहे म्हटल्यावर ती फुगवताही येते. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका एसईओवाल्याने अ‍ॅमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क' या कामं वाटणाऱ्या साइटवर लोकांना किरकोळ पैसे देऊन एक ठरावीक वाक्य शोधायला लावलं. ते सूचनांमध्ये आलं, आणि चर्चा झाल्यावर काढून टाकलं गेलं. मामाला भेटलेला तरुण याच वंशातला. फरक इतकाच की त्याने लोकांना पैसे देण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

जवळ म्हणजे कुठे

मोबाइलने प्रश्नच बदलला. फोनला आपण कुठे आहोत ते ठाऊक असल्यामुळे गावाचं, पेठेचं नाव लिहायची गरज उरली नाही. 'निअर मी' एवढं पुरे. २०११ पासून २०१५ पर्यंत या दोन शब्दांच्या शोधातला रस ३४ पट वाढला, असं गूगलचंच सांगणं. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्थानिक दुकानांची जी यादी निकालात वर दिसते, ती सात नावांवरून तीनवर आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि सांगलीतल्या सुनेच्या हातातही तोच सर्चबॉक्स आला.

या तीन नावांत कोण येणार, यासाठी गूगल तीन निकष सांगतं: शोधाशी संबंध किती, अंतर किती, आणि दुकान किती प्रसिद्ध. शब्द जुळला तर फायदा होतो हे ओळखून अनेकांनी प्रोफाइलवर आपल्या नावापुढे 'बेस्ट', 'स्वस्त', 'निअर मी' असं काहीबाही जोडलं. नियमाप्रमाणे प्रोफाइलवरचं नाव हे दुकानाच्या खऱ्या नावासारखंच हवं, म्हणून अशी प्रोफाइलं बंदही होतात. यावर न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका रेस्टॉरंटने सरळ तोडगा काढला. खरं नावच ठेवलं 'थाई फूड निअर मी'. पाटीवरही तेच. 'एएए प्लंबिंग'चा हा पणतू. पणजोबाने नाव वर्णमालेला वाहिलं होतं, पणतूने सूचनेला वाहिलं.

५० चा आकडा

आता माझ्या कोडबद्दल.

आमच्या अ‍ॅपमधल्या झाडावर कुठला शोध चढवायचा, याला एक किमान आकडा आहे. महिन्यात ५० पेक्षा कमी वेळा आलेला शोध सूचनेत दाखवायचा नाही. हा आकडा मी टाकला. कारण प्रामाणिक होतं. लोक सर्चबॉक्समध्ये चुकून स्वतःचा फोन नंबर टाकतात, पत्ता टाकतात, कुणाचं तरी पूर्ण नाव टाकतात. एका माणसाने टाइप केलेलं दुसऱ्याच्या पडद्यावर उमटता कामा नये. गर्दीत मिसळलेलंच दाखवायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

पण या गाळणीतून मराठीचं काय होतं, ते मला नंतर कळलं. एकदा नोंदी चाळताना मिक्सर दुरुस्ती शोधणारे किती, ते मोजायला गेलो. कुणी देवनागरीत 'दुरुस्ती' लिहिलेलं, कुणी रू दीर्घ काढून 'दुरूस्ती'. कुणी रोमन लिपीत, त्यातही तीन-चार स्पेलिंगं. कुणी 'रिपेरिंग', कुणी 'रिपेअर'. माणसं तेवढीच, गरज तीच. पण गठ्ठे सात. त्यातले सहा ५० च्या खाली. वर राहिला तो एकच गठ्ठा, इंग्रजी 'रिपेअर'वाला. मग सूचनेत तोच दिसणार, मराठीत टाइप करायला निघालेला माणूस तोच उचलणार, आणि पुढच्या महिन्यात तो गठ्ठा आणखी फुगणार.

गूगल आणि केपीएमजी यांच्या २०१७ मधल्या अहवालानुसार २०१६ सालीच भारतीय भाषांमधून इंटरनेट वापरणारे साधारण २३.४ कोटी होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी. माणसं जास्त आपल्या बाजूला होती. पण मोजणी माणसांची होत नाही, एकसारख्या लिहिलेल्या अक्षरांची होते. सगळे गठ्ठे एकत्र मोजायचं काम आमच्या यादीत आहे, आणि तीन वेळा पुढे ढकललं गेलंय, कारण त्याने विक्री किती वाढेल हे सांगता येत नाही.

'टाकीखालचा मिक्सरवाला' तर कुठल्याच गठ्ठ्यात नाही. महिन्यात तो किती जणांना शोधायचा असेल? दहा? ही गावातली ३५ वर्षांची पत. ती बोलण्यात राहिली, टाइप कधी झालीच नाही. आणि कुणी टाइप केली असती, तरी माझ्यासारख्याच कुणीतरी टाकलेल्या आकड्याखाली गाळली गेली असती.

पाटी

मामाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. सूचना विकत मिळत नाही, एवढं सांगितलं. एजन्सीचे पुढचे पैसे थांबवले. गेलेले १६ हजार परत मिळाले नाहीत.

मग भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघं दुकानात बसलो. प्रोफाइलवर दुकानाचा प्रकार 'इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान' असा पडला होता, तो 'दुरुस्ती' केला. वेळ चुकीची होती, ती बदलली. समोरच्या रस्त्यावरून टाकीसकट दुकान दिसेल असा फोटो काढला. कार्बन, कपलर, आर्मेचर, जारचं पातं, शेगडीचा नॉब: मामा जे जे करतो ते त्याच्याच शब्दांत लिहिलं.

नाव काय ठेवायचं, यावर गाडी अडली. 'निअर मी' जोडण्याची कल्पना मामानेच काढली; एजन्सीवाल्याने डोक्यात घातली होती. मी म्हटलं, "नियम असा आहे की पाटीवर असेल तेच लिहायचं."

मामा म्हणाला, "मग पाटीवर लोक म्हणतात तेच लिहू की."

मामी आतून म्हणाली, "शोभतं का ते?"

पेंटरने ७०० रुपये घेतले. देवाच्या नावाखाली, जरा लहान अक्षरांत, 'टाकीखालचा मिक्सरवाला'. त्या पाटीचा फोटो काढून प्रोफाइलवरही तेच लिहिलं.

या गोष्टीचा शेवट भरभराटीचा नाही. नवीन गिऱ्हाइकं फार वाढलेली नाहीत. आता लोक मिक्सर दुरुस्तच कमी करतात, त्याला सर्चबॉक्स काय करणार? सूचनेत मामाचं नाव आजही येत नाही. मामीच्या फोनवर नाही आणि माझ्याही नाही.

पण जानेवारीत मामाचा फोन आला. पुण्याहून एका बाईंनी दुकानात फोन केला होता. आई सांगलीत एकटी राहते, मिक्सर बंद पडलाय, ती सारखी 'टाकीखालच्याला दे' म्हणते, पण नंबर तिच्याकडे नाही. म्हणून बाईंनी आई म्हणते तेच शब्द जसेच्या तसे टाइप केले, आणि दुकान सापडलं.

"तिला सूचना आली का रे माझ्या नावाची?" मामाने विचारलं.

"नाही. तिने सगळं स्वतः लिहिलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, कपलर गेला होता. मुलाला पाठवून घरून मिक्सर आणवला, संध्याकाळी परत पोचवला. १२० रुपये झाले.